मेंदूचे रक्त हाताकडे वळते तेव्हा

हृदयातून निघालेले रक्त मानेतून वर चढते आणि मेंदूला पोचते, एवढे शाळेत शिकल्यावर आपण त्याचा फारसा विचार करत नाही. पण काही माणसांच्या मानेतल्या एका धमनीत रक्त वरून खाली वाहत असते. मेंदूच्या तळाशी पोचलेले रक्त तिथून मागे फिरते, मानेच्या मणक्यांमधून उतरते आणि खांद्यापाशी येऊन हातात जाते. तो हात बराचसा त्याच रक्तावर जगतो. माणूस जेवतो, झोपतो, शेतात राबतो आणि पुष्कळदा त्याला आयुष्यभर याचा पत्ता लागत नाही. वैद्यकात या स्थितीला ‘सबक्लेव्हियन स्टील’ म्हणतात. तिच्यामुळे त्रास होऊ लागला, की ‘सबक्लेव्हियन स्टील सिंड्रोम’. स्टील म्हणजे इथे चोरी. मेंदूच्या वाट्याचे रक्त हात पळवतो.

शरीराने काढलेली ही आडवाट थक्क करणारी आहे. तिचा पहिला सुगावा किती साध्या साधनाने लागतो, हेही तितकेच थक्क करणारे आहे. बीपी मोजायचा पट्टा आधी एका दंडाला आणि मग दुसऱ्या दंडाला बांधायचा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली, तर छातीच्या आत, हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या मुळाशी काहीतरी अडले आहे अशी शंका घ्यायला जागा होते.

गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरामुळे पंचक्रोशीत ओळखले जाते. महाशिवरात्रीला तिथे भाविकांची रीघ लागते. हा सारा मुलूख धानाचा. पऱ्हे उपटणे, रोवणी, कापणी, भारे बांधणे ही कामे हातांच्या बळावर चालतात. जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो, आणि विडी-खर्ऱ्याची सवय तर सर्रास दिसते. हातांचे कष्ट आणि तंबाखू ही दोन्ही सूत्रे या विकारात महत्त्वाची आहेत. म्हणून ही माहिती मुंबई-पुण्याइतकीच नागऱ्यासारख्या गावाच्या कामाची आहे.

चार वाटा आणि एक संगम

माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असतो, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त तो एकटा घेतो. हे रक्त चार धमन्यांतून येते. गळ्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमन्या असतात. बोट ठेवले की त्यांचे ठोके लागतात. मागच्या बाजूला दोन व्हर्टिब्रल, म्हणजे मणक्यांतून जाणाऱ्या धमन्या असतात. मानेच्या मणक्यांना बाजूला छिद्रे असतात. सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंतच्या छिद्रांतून ओवल्यासारखी ही धमनी वर चढते आणि कवटीत शिरते. तिथे डावी आणि उजवी व्हर्टिब्रल एकत्र येऊन एकच बेसिलर धमनी तयार होते. तोल सांभाळणारा लहान मेंदू, श्वास आणि शुद्ध यांवर ताबा ठेवणारा मस्तिष्कस्तंभ आणि डोळ्यांनी पाहिलेले समजून घेणारा मेंदूचा मागचा भाग यांचे पोषण याच वाटेने होते.

व्हर्टिब्रल धमनी उगम पावते ती सबक्लेव्हियन धमनीतून. गळ्याजवळच्या आडव्या हाडाखालून, म्हणजे कॉलर बोनखालून, हाताकडे जाणारी ही मोठी धमनी. डावी सबक्लेव्हियन थेट महाधमनीच्या कमानीतून निघते. उजवी मात्र एका आखूड सामाईक धमनीतून निघते आणि तिथेच उजवी कॅरोटिडही फुटते. अडथळा डाव्या बाजूला होण्याचे प्रमाण उजव्यापेक्षा तीन ते चार पट अधिक आहे.

समजा, डाव्या सबक्लेव्हियनच्या अगदी मुळाशी, व्हर्टिब्रल फुटण्याच्या आधीच, वाट अरुंद झाली किंवा बंद पडली. अडथळ्याच्या पलीकडे रक्ताचा दाब उतरतो. मेंदूच्या तळाशी, जिथे दोन्ही व्हर्टिब्रल मिळतात, तिथला दाब मात्र उजव्या बाजूच्या पुरवठ्यामुळे टिकून असतो. धानाच्या दोन बांध्यांमधली धुऱ्याची तोंडी उघडी असली, की ज्या बांधीत पाणी वर आहे तिकडून ते खालच्या बांधीत जाते. पाटाने कोणती दिशा ठरवली होती याची पाण्याला पर्वा नसते. रक्तालाही नसते. ते उजव्या व्हर्टिब्रलने वर चढते, संगमापाशी वळते, डाव्या व्हर्टिब्रलने खाली उतरते आणि डाव्या हाताला मिळते.

हात स्वस्थ असताना त्याची भूक थोडी असते आणि मेंदूला फारशी झळ लागत नाही. त्याच हाताने जोराचे काम सुरू झाले, की स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, हात जास्त रक्त ओढू लागतो आणि उलटा प्रवाह वाढतो. मेंदूच्या तळाशी चारही वाटांना जोडणारे वर्तुळ असते. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. हे वर्तुळ पुरते जुळलेले असेल तर कॅरोटिडकडून तूट भरून निघते. ते अपुरे असेल, किंवा दुसऱ्या धमन्याही आजारी असतील, तर माणसाला घेरी येते.

ओळख कशी पटली

रक्त उलटे वाहू शकते याची पहिली चुणूक एका शस्त्रक्रियेत दिसली. १८६४ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे अँड्र्यू स्मिथ या शल्यचिकित्सकाने उजव्या सबक्लेव्हियनवरचा फुगा बंद करण्यासाठी तिच्या मुळाची मोठी धमनी बांधली. तरी रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत राहिला. काही आठवड्यांनी त्यांनी व्हर्टिब्रल धमनी बांधली आणि स्राव थांबला. रक्त मेंदूकडून खाली येत होते, हा त्याचा अर्थ. तो रुग्ण पुढे कित्येक वर्षे जगला.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे या निरीक्षणाकडे कुणी विशेष लक्ष दिले नाही. धमन्यांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढण्याचे तंत्र रुळल्यावर १९६० मध्ये इटलीतील लोरेन्झो कॉन्टोर्नी यांनी व्हर्टिब्रलमधला उलटा प्रवाह चित्रात दाखवला. १९६१ मध्ये मार्टिन रायविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या उलट्या प्रवाहाचा मेंदूच्या लक्षणांशी संबंध जोडला. ज्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो लेख आला, त्याच नियतकालिकाच्या संपादकीयात सी. मिलर फिशर यांनी या विकाराला आजचे नाव दिले.

याच सुमारास मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आपल्या दृष्टीने फार मोलाचे काम चालू होते. १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयारोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन, शल्यचिकित्सक डॉ. जी. बी. परुळकर आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किणरे हे महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या आक्रसणाऱ्या एका आजाराच्या मागे लागले होते. १९६२ मध्ये ‘सर्जरी’ या नियतकालिकात त्यांचा त्यावरचा लेख आला. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ग्रंथ मुंबईतूनच प्रसिद्ध झाला. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचे विलक्षण जाळे पाहिले होते. त्याच सभेत दुसऱ्या दोन डॉक्टरांनी आपल्या तशाच रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नसल्याचे सांगितले. तोच हा आजार. जगात त्याला ताकायासू आर्टेरायटिस म्हणतात आणि ‘नाडीहीन आजार’ असेही त्याचे एक जुने नाव आहे.

ही नोंद महत्त्वाची अशासाठी, की युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत सबक्लेव्हियन स्टीलचा रुग्ण बहुधा साठीचा, धूम्रपान करणारा, धमन्यांत चरबीचे थर साचलेला पुरुष असतो. तसे रुग्ण आपल्याकडेही आहेत आणि वाढत आहेत. पण आशियात याच धमनीचे तोंड बंद करणारा दुसरा आजार ताकायासू आहे, आणि तो प्रामुख्याने चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना गाठतो. डावी सबक्लेव्हियन ही त्याची नेहमीची जागा. रोवणीला जाणारी पंचविशीतली बाई ‘हात भरून येतो, अंधारी येते’ असे सांगत असेल, तर तिला केवळ अशक्तपणाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणे पुरेसे नाही. तिची दोन्ही मनगटे हातात घेऊन पाहायला हवीत.

याशिवाय मानेत जन्मतः असलेल्या जादा बरगडीचा दाब, छातीवर घेतलेले किरणोपचार आणि सबक्लेव्हियन वापरून लहानपणी केलेल्या काही हृदयशस्त्रक्रिया हीही कारणे असू शकतात. १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे सुरू झालेली ब्लॅलॉक-टॉसिग शस्त्रक्रिया त्यांतली प्रसिद्ध. निळ्या पडणाऱ्या बाळांना तिने जीवदान दिले. तिच्यात हाताची ही धमनी फुप्फुसाकडे वळवली जाई आणि पुढे त्या हाताला व्हर्टिब्रलच्या उलट्या रक्ताचा आधार मिळे.

लक्षणे

हाताची लक्षणे अशी: काम करताना एकच हात लवकर थकतो, दुखतो, जड होतो, थांबले की बरे वाटते. तो हात दुसऱ्यापेक्षा गार लागतो, मुंग्या येतात. मेंदूची लक्षणे अशी: चक्कर, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोबडी वळणे, क्वचित शुद्ध हरपणे. विशिष्ट हाताने काम करतानाच ही लक्षणे येत असतील, तर संशय बळावतो.

मात्र चक्कर येणाऱ्या प्रत्येकाला हा विकार नसतो. अंतर्कर्णातला बिघाड, रक्तक्षय, साखर उतरणे, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. पूर्व विदर्भ सिकलसेलच्या पट्ट्यात मोडतो, हेही इथल्या डॉक्टरांना ध्यानात ठेवावे लागते. उलट, मानेच्या मणक्यांवर सगळे खापर फोडून वर्षानुवर्षे पट्टा लावून बसणेही बरोबर नाही.

ज्यांच्यात उलटा प्रवाह आढळतो त्यांतल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मानेच्या धमन्यांची डॉप्लर तपासणी झालेल्या ७८८१ जणांपैकी ५१४ जणांच्या दोन हातांच्या दाबात २० हून अधिक फरक होता. लक्षणे होती फक्त ३८ जणांना. फरक जितका मोठा, तितकी लक्षणांची शक्यता जास्त, असेही त्यात दिसले.

निदान: बोटांपासून अँजिओग्राफीपर्यंत

सुरुवात नाडीपासून होते. डॉक्टर रुग्णाच्या दोन्ही मनगटांवर एकाच वेळी बोटे ठेवतात. अडलेल्या बाजूची नाडी मंद लागते आणि दुसरीच्या किंचित मागून येते. मग कॉलर बोनच्या वरच्या खळगीत स्टेथोस्कोप टेकवतात. अरुंद जागेतून घुसणारे रक्त तिथे सूंऽसूं असा आवाज करते.

त्यानंतर दाब. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत इटलीतील शिपिओने रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दिली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. आधीचा अर्धा तास चहा, विडी, खर्रा नसावा. दोन्ही हातांचा दाब मोजावा आणि फरक आला तर पुन्हा मोजून खात्री करावी. वरच्या आकड्यात १५ ते २० किंवा त्याहून जास्त फरक टिकून राहिला, तर पुढची तपासणी हवी. ताकायासूच्या १९९० च्या निकषांत तर १० पेक्षा जास्त फरकालाही स्थान आहे. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने १५ किंवा अधिक फरकाचा संबंध इतर धमन्यांच्या आजाराशी आणि मृत्यूच्या वाढलेल्या धोक्याशी जोडला.

इथे एक धोका दडलेला आहे. अडलेल्या हातात दाब खरोखरीपेक्षा कमी दिसतो. एखाद्याच्या उजव्या हातात १७० आणि डाव्यात १२० असेल आणि दर वेळी डावाच हात पुढे केला जात असेल, तर त्याचा उच्च रक्तदाब कागदावर कधी येणारच नाही आणि पक्षाघात मात्र येऊन ठेपेल. जास्त आकडा दाखवणारा हात खरा धरायचा आणि पुढे नेहमी त्याच हाताने मोजायचे.

पुढची पायरी डॉप्लर सोनोग्राफी. मानेवर जेली लावून प्रोब टेकवला, की पडद्यावर दोन मणक्यांच्या सावल्यांमधून व्हर्टिब्रलचा तुकडा दिसतो. शेजारच्या कॅरोटिडमध्ये रक्त ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने इथेही जायला हवे. चोरी थोडी असेल तर प्रत्येक ठोक्याच्या आलेखात मध्येच खाच पडते. ती वाढली की ठोक्याच्या एका भागात रक्त खाली आणि दुसऱ्या भागात वर जाते. पूर्ण झाली की सगळा आलेख रेषेच्या दुसऱ्या बाजूला उतरतो आणि रंगही बदलतो. शंका उरली तर त्या दंडावर पट्टा फुगवून हाताचे रक्त काही मिनिटे थांबवतात आणि मग एकदम सोडतात. भुकेला हात रक्त ओढतो, आणि क्षणापूर्वी नुसती खाच दाखवणारा प्रवाह डोळ्यांदेखत उलटा फिरतो.

अडथळा नेमका कुठे आणि किती लांब, हे सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत कळते. ताकायासूमध्ये धमनीची भिंत जाड झालेली दिसते, तर चरबीच्या आजारात आत थर आणि चुना साचलेला दिसतो. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या सुजेचा अंदाज देतात.

उपचार

लक्षणे नसतील तर धमनी उघडण्याची घाई करू नये. पण स्वस्थही बसू नये, कारण एका जागी साचलेली चरबी हृदयाच्या आणि पायांच्या धमन्यांतही असण्याचा संभव असतो. तंबाखू पूर्ण बंद, दाब आणि साखर आटोक्यात, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने अॅस्पिरिन हा पाया आहे. हे उपचार हातासाठी तर आहेतच, पण मुख्यतः हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टाळण्यासाठी आहेत.

त्रास होत असेल तर आज पहिली पसंती बलून आणि स्टेंटला मिळते. मांडीतल्या किंवा हातातल्या धमनीतून बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात, बलून फुगवतात आणि धातूची जाळी बसवतात. वाट अरुंद असेल तर यश बहुतेकदा मिळते. पूर्ण बंद असेल तर काम अवघड होते. इथे निसर्गाची एक मेहेरबानी दिसते. १९८४ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले, की बलूनने वाट मोकळी झाल्यावर व्हर्टिब्रलमधला प्रवाह लगेच सुलटा होत नाही. त्याला वीसेक सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्या वेळात बलूनमुळे सुटलेले बारीक कण मेंदूकडे न जाता हाताकडे वाहून जातात. ज्या उलट्या प्रवाहाने माणसाला घेरी आणली, तोच उपचाराच्या क्षणी मेंदूची राखण करतो.

स्टेंट शक्य नसेल तर शस्त्रक्रिया. मानेतच कॅरोटिड आणि सबक्लेव्हियन यांच्यामध्ये कृत्रिम नळी जोडतात, किंवा सबक्लेव्हियन कापून थेट कॅरोटिडला शिवतात. छाती उघडावी लागत नाही आणि हे जोड अनेक वर्षे टिकतात.

ताकायासूमध्ये क्रम वेगळा आहे. आधी स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी सूज शमवायची, आणि मगच गरज असेल तर बलून किंवा शस्त्रक्रिया. सूज धगधगत असताना धमनीला हात लावला, तर ती पुन्हा आक्रसते. औषधे मध्येच सोडणे या आजारात फार महागात पडते.

हृदयाच्या बायपाससाठी छातीतली डावी मॅमरी धमनी वापरतात. तीही डाव्या सबक्लेव्हियनमधूनच निघते. मुळाशी अडथळा असेल तर हात हृदयाचेही रक्त ओढू शकतो आणि डाव्या हाताने काम करताना छातीत दुखू लागते. म्हणून बायपासपूर्वी दोन्ही हातांचा दाब पाहणे अत्यावश्यक आहे.

नागऱ्यातून पुढे

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपरस्पेशालिटी रुग्णालय आहे आणि २०१८ पासून एम्सही आहे. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. मात्र या सगळ्या सोयींचा उपयोग रुग्ण गावातच ओळखला गेला तर होतो. तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी तपासण्याचे काम आज उपकेंद्रांच्या पातळीवर चालते. पट्टा तिथे आहे, मोजणारे हात आहेत. दुसऱ्या दंडासाठी लागतात फक्त आणखी दोन-तीन मिनिटे. महाशिवरात्रीच्या गर्दीत आरोग्य तपासणीचा मांडव घालणाऱ्या मंडळांनीही एवढे ठरवावे, की इथे प्रत्येकाचे दोन्ही हात तपासले जातील.

अचानक तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर काही मोजत न बसता १०८ क्रमांकावर फोन करून लगेच रुग्णालय गाठावे. एरवी, पुढच्या वेळी बीपी तपासायला जाल तेव्हा पहिला आकडा कळल्यावर उठू नका. दुसरा हात पुढे करा, दोन्ही आकडे लिहून घ्या आणि त्यांत १५ पेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टरांना त्याचे कारण विचारा.